बावीस नंबर कुठे आहे?

दिवस पहिला, रविवार : वेरूळ

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. एवढं एक सूत्र धरून आमच्या सहलीचे चार दिवस बेतलेले होते. रविवारी वेरूळ, सोमवारी छत्रपती संभाजीनगर शहर आणि खरेदी, मंगळवारी अजिंठा, बुधवारी परत. आम्ही चौतीस जण, सगळे निवृत्त. आमच्यातला एकमेव तरुण म्हणजे सहल नेणारा मुलगा, आणि त्याच्या हातात पिवळी झेंडी. गेली काही वर्षं मी अशाच झेंड्यांमागे फिरते आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. वेळेवर चहा मिळतो, कुणी तरी डोकी मोजतं आणि आपण हरवत नाही.

सोळा नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, झेंडी हत्तीपाशी थांबली. त्या हत्तीची सोंड कधीचीच तुटलेली आहे. मुलगा चांगलं सांगत होता. आठव्या शतकातलं काम, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. आधी डोंगराचा कातळ तीन बाजूंनी चर खणून सुटा केला, मग देऊळ वरून खाली कोरत आणलं. शिखर आधी, पाया शेवटी. याच्यावर एक जुनी मराठी कथाही आहे. देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा पण एका राणीनं केला. सगळे शिल्पी हतबल झाले. तेव्हा पैठणचा कोकस म्हणाला, मी आठवड्यात शिखर दाखवतो. आणि त्यानं कळसापासूनच सुरुवात केली. मला ही कथा फार आवडते. इतिहास म्हणून ती खरी असो नसो, कामाला कुठून हात घालावा हे ठाऊक असलेला माणूस तिच्यात आहे.

तेवढ्यात मागून कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "बावीस!"

मी वळले नाही. लेण्यांमध्ये दर मिनिटाला कुणी तरी आकडे ओरडतच असतं. पुन्हा हाक आली, "ए बावीस!" माझ्या शेजारचा पहारेकरी मदतीला धावला. "मॅडम, बावीस नंबर फुडं आहे. नीलकंठाचं. ही सोळा."

"अहो, ती बावीस नव्हे, ही बावीस!" असं म्हणत एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत चित्रांची वही. मी ओळखलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खरंच ओळखलं नाही. चांगली पाच-सात सेकंदं मी तोंडभर हसत तिच्याकडे बघत राहिले, लग्नात अनोळखी नातेवाइकांकडे बघतो तशी. मग तिनं बोलायच्या आधी हातातल्या पेन्सिलचं टोक जिभेला लावलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अठरा?"

खुलासा केला पाहिजे. १९७९ ते १९८२ ही तीन वर्षं आम्ही एका वसतिगृहात होतो. तिथे एकाच नावाच्या आम्ही तिघी. मेसच्या वहीत रोज घोळ व्हायचा, म्हणून रेक्टरबाईंनी नावं रद्द केली आणि खोल्यांचे नंबर चालू केले. मी बावीस, ही अठरा आणि तिसरी एकतीस. पुढे आम्ही एकमेकींनाही तेच म्हणू लागलो. त्यानंतर ही हाक मी आज पहिल्यांदा ऐकली.

"मला पाठमोरी कशी ओळखलीस गं?"

"डावा हात उलटा करून कमरेवर ठेवलेला. अशी दुसरी कोण उभी राहते?"

मी हात काढला. मला ठाऊकच नव्हतं मी अशी उभी राहते ते.

हत्तीच्या सावलीत बसून आम्ही एकमेकींना हिशेब दिला. तिची दोन मुलं, माझी एक. तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया, माझा मोतीबिंदू. ती एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. चाळीस वर्षांचा हिशेब दहा मिनिटांत संपला, ही जरा अपमानाचीच गोष्ट. मग आम्ही गप्प झालो. समोर रावण कैलास पर्वत हलवत होता. त्याच्याकडे बघणं सोयीचं पडलं.

"उद्या मी दौलताबाद चढणार आहे. येतेस?" तिनं विचारलं.

"माझे गुडघे..."

"गुडघे मलाही दोनच आहेत."

संध्याकाळी झेंडीवाल्या मुलानं माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, की मी स्वतःच्या जबाबदारीवर एक दिवस गट सोडत आहे. वय वर्षं त्रेसष्ट. वसतिगृहात उशिरा परतायची परवानगी मागताना अशीच सही करायचो. तेव्हाही कागद पुढे सरकवायला हीच असायची.

दिवस दुसरा, सोमवार : दौलताबाद

सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी पकडली. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, पण तेवढ्यात भांडण झालं. विषय होता, शेवटचं पत्र कुणाचं?

माझ्या मते माझं. मुलगा झाल्यावर मी तिला लांबलचक पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मी दोन महिने वाट बघितली आणि रागावले. तिच्या मते तिचं. यजमानांची बदली झाल्यावर तिनं नव्या पत्त्यासकट कार्ड टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. तिनं वर्षभर वाट बघितली आणि रागावली नाही, फक्त "आता हिचं जग वेगळं झालं" असं स्वतःला समजावलं. ते मला जास्त लागलं. तिच्या यजमानांच्या एकंदर नऊ बदल्या झाल्या. मीही दोनदा घर बदललं. दोघींची पत्रं कुठल्या तरी बंद दारांच्या फटीतून आत पडली असणार आणि नव्या भाडेकरूंनी रद्दीत घातली असणार. हे आम्हाला दोघींनाही पटत होतं, तरी वाद मिटेना. किल्ल्याच्या दारात ती म्हणाली, "हे बघ, महंमद तुघलकानं १३२७ साली अख्खी राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि काही वर्षांनी परत नेली. त्याचीसुद्धा पत्रं गहाळ झालीच असतील." वाद तिथे तहकूब झाला. संपला नाही.

दौलताबाद म्हणजे यादवांचा देवगिरी. बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमानं इथे राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मात्र हा किल्ला कळतो तो पायांना. डोंगराचा खालचा भाग उभा तासून काढला आहे, भिंतीसारखा सरळ, आणि भोवती खंदक. वर जायला पूल ओलांडायचा आणि मग कातळाच्या पोटातली अंधारी. वळणावळणाचा काळोखा बोगदा, पायऱ्या मुद्दाम उंचसखल ठेवलेल्या, की शत्रूनं आत येऊन आपलंच नाक फोडून घ्यावं. वटवाघळांचा वास असा, की डोळ्यांना पाणी यावं.

बरोबरच्या वाटाड्यानं टेंभा विझवला आणि खरा अंधार म्हणजे काय ते दाखवलं. पाच-दहा माणसं होतो, सगळी चिडीचूप. त्यात ही मोठ्यानं म्हणाली, "बावीस, वाजव शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

"दोन बोटं तोंडात घालून वाजवायचीस ती! मेसमध्ये भाजी संपली की वाजवायचीस. गच्चीवरून वाजवायचीस. अख्खी लेन वळून बघायची."

मी? मी उभ्या जन्मात शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही. आमच्या घरात मुलींनी शिट्टी वाजवणं म्हणजे संध्याकाळी केस विंचरण्याहून मोठं पाप होतं. तरी अंधारात कुणी बघत नव्हतं, म्हणून बोटं घातली आणि फुंकलं. नुसती हवा. वाटाड्यानं घाईघाईनं टेंभा पेटवला. त्याला वाटलं, मला दमा उठला.

अंधारीतून वर आल्यावर पुन्हा पायऱ्या. माणसं साडेसातशेच्या आसपास सांगतात. आम्ही मोजल्या नाहीत, बसलो तेवढ्या वेळाच मोजल्या. अकरा. अशाच एका बसण्यात तिनं सहज विचारलं, "एकतीस कुठे असते आता?"

मला वाटत होतं, तिला ठाऊक असेल. "अगं, ती गेली. अकरा वर्षं झाली. मी वर्तमानपत्रात वाचलं. फोटोवरून ओळखलंसुद्धा नसतं, खाली माहेरचं नाव होतं म्हणून."

ती पेन्सिलीला टोक काढत होती. काढतच राहिली. शिसं तुटलं, तरी काढत राहिली. मग म्हणाली, "मी धरून चालले होते, की तुम्ही दोघी संपर्कात असाल. मीच बाहेर पडले असेन."

"मीही हेच धरून चालले होते. तुमच्या दोघींबद्दल."

म्हणजे तिघींपैकी प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या दोघी एकत्र आहेत. एकतीसलाही बहुधा तसंच वाटलं असणार.

बारादरीपर्यंत गेलो. शहाजहानची ही जागा. तिथून खाली बघितलं की चांदमिनार खडूच्या तुकड्याएवढा दिसतो. बोलणं फारसं झालं नाही. उतरताना मेंढ्याच्या तोंडाची तोफ बघितली. तिनं तिचं चित्र काढलं आणि मेंढा हुबेहूब आमच्या रेक्टरबाईंसारखा आला. त्यावर मात्र खूप हसलो, थोडं गरजेपेक्षा जास्तच.

दिवस तिसरा, मंगळवार : अजिंठा

आमच्या बसमध्ये एक जागा मोकळी होती. झेंडीवाल्या मुलाला मी सांगितलं, ही आमची अठरा. त्यानं यादीत तसंच लिहून घेतलं.

शंभर किलोमीटर गेल्यावर फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडावी लागते. शेवटचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं. मग चढ. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले उभे असतात, खुर्चीला दोन दांडे आणि चार माणसं. त्यांतल्या एकानं माझ्याकडे नजरेनं वजन करत बघितलं. कालच्या पायऱ्यांमुळे मांड्या भरून आल्या होत्या, तरी त्या नजरेनंच मला चालत वर नेलं.

अजिंठ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी नव्यानं काय सांगणार? घोड्याच्या नालेसारखी दरी, तळाशी वाघूर, कातळात तीस लेणी. काही सातवाहनांच्या काळातली, बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. मला सांगायचं आहे ते पहिल्या लेण्यातल्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल.

आत मंद दिवे. फ्लॅश मारू देत नाहीत, ते बरंच आहे. डोळे सरावेपर्यंत भिंत नुसती तपकिरी दिसते. मग हळूहळू पद्मपाणी वर येतो. मान एका बाजूला कललेली, हातात कमळ, पापण्या खाली. ही त्याच्यासमोर उभी राहिली आणि शिक्षिकेच्या आवाजात कुजबुजू लागली. हे ओल्या गिलाव्यावरचं काम नाही. माती, वनस्पतींचे धागे, भाताचा कोंडा यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. म्हणून पोपडे सुटतात. किडे लेपातला कोंडा खातात. वेरूळच्या लेपात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, तिथे किडे फारसे फिरकले नाहीत. ("किड्यांना चढत असेल," आमच्या गटातले एक काका म्हणाले.)

मग तिनं नकलांची गोष्ट सांगितली. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं इथे राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पुन्हा तेच काम, पुन्हा वर्षानुवर्षं. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथे पुन्हा आग. त्यातून वाचल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

"दोनदा?" मी म्हटलं.

"दोनदा. आणि मूळ चित्रांचं काय झालं ऐक. ती उठावदार दिसावीत म्हणून वॉर्निश फासलं. पुढे १९२० च्या सुमाराला निजामानं इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटणारे पोपडे त्यांनी चिकटवले, खरंच वाचवले, पण वरून लाखेचा हात दिला. तो पिवळा पडत गेला. मग भिंतीवरचं कितीतरी गेलं. आता गंमत अशी, की काही ठिकाणी भिंतीवर काहीच उरलेलं नाही आणि ग्रिफिथ्सच्या नकलेत ते आहे. कुणाचा हात, कुणाचं पाऊल. नकलेत चुकाही आहेत. त्या पोरांना जे कळलं नाही ते त्यांनी आपल्या मनानं भरलं. पण दुसरीकडे कुठे ते नाहीच, मग करता काय?"

पहारेकऱ्यानं "चला, चला, पुढे चला" केलं. बाहेर उन्हात आल्यावर मी बूट घालत बसले. डावा हात उलटा करून कमरेवर ठेवला आणि पुन्हा काढला.

दहा नंबरच्या चैत्यात जॉन स्मिथची सही दाखवतात. एका खांबावर, बुद्धाच्या चित्रावरच कोरलेलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख. तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला होता. तो त्यावर उभा राहिला, म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्या वर दिसतं, असं सांगतात. आमच्या गटाला सबंध अजिंठ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडली. सतरा नंबर गर्दीत बघितलं. सव्वीसमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे, कुशीवर झोपलेला, खाली शोक करणारे भिक्षू. तिथे ती बसून राहिली. मी बाहेर थांबले. बावीस नंबर मात्र आवर्जून बघितलं. लहानसं विहार आहे. त्याच्या दारात तिनं मला उभी करून फोटो काढला.

गट शहरात परतला. मी आणखी एका कागदावर सही केली आणि तिच्याबरोबर फर्दापूरला मुक्कामी राहिले.

रात्री दिवा मालवल्यावर तिचं घोरणं ऐकत पडले होते. (ती तेव्हाही घोरायची, आणि तेव्हाही नाही म्हणायची.) आणि एकदम गच्ची डोळ्यांपुढे आली. वाळत घातलेल्या ओढण्या, पाण्याची टाकी आणि टाकीला टेकून उभी असलेली एकतीस. दोन बोटं तोंडात. गालांवर खळ्या पडेपर्यंत ती फुंकायची. खाली सायकली थांबायच्या. मी तिच्या शेजारी हात कमरेवर ठेवून उभी असायची आणि मागच्या मागे पळायची वाट बघायची.

शिट्टी तिची होती.

तिला उठवून सांगावंसं वाटलं. हात पुढे केलाही. मग नाही उठवलं. काल पायरीवर बसून एकदा सांगितलं होतं तेवढं पुरे होतं.

दिवस चौथा, बुधवार : अजिंठा गाव

लेणी बघणारे सहसा गावात थांबत नाहीत. गाव घाटाच्या वर आहे. तिला तिथे पारोची कबर बघायची होती. गिल इथे राहत असताना पारो नावाची स्थानिक स्त्री त्याच्या आयुष्यात आली. ती १८५६ मध्ये गेली. तिच्या कबरीवर त्यानं इंग्रजीत लेख कोरून घेतला. तो स्वतः १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला. दोघांवर कादंबऱ्या, नाटकं बरीच झाली. प्रत्यक्ष कबर लहान आणि साधी आहे. तिनं वही काढली, दोन रेघा मारल्या आणि मिटली. "याला काय काढायचं," म्हणाली.

थांब्यावर आलो. तिला जळगावकडे जायचं होतं, तिथून रेल्वे. मला उलट्या दिशेला. फोन नंबर दिले-घेतले. तिनं पत्ता मात्र कागदावर लिहून मागितला. "या वेळी शेवटचं पत्र कुणाचं ते पुराव्यानिशी ठरेल," असं म्हणत तो वहीत ठेवला.

तिची बस आधी आली. ती चढली, पिशवी जागेवर ठेवली आणि खिडकीतून तिच्या लक्षात आलं की वही खाली बाकावर राहिली आहे. उतरली. बाकापाशी आली, वही उचलली. तेवढ्यात कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि बस निघाली. पिशवी आत, ती बाहेर. ती हात हलवत धावू लागली. कॅनव्हासच्या बुटांत, त्या वयात, डांबरी रस्त्यावर. मला काही सुचेना. मी दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकलं.

हवा आणि थुंकी.

माझ्या मागे शाळेच्या गणवेशातला एक पोरगा उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, त्याला बहुधा दया आली. त्यानं स्वतःची दोन बोटं तोंडात घातली. अशी शिट्टी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. बस करकचून थांबली. दोन म्हातारे दचकले, कुत्रं उठून बसलं.

ती धापा टाकत चढली आणि खिडकीतून अर्धी बाहेर आली. चेहरा लालबुंद.

"बघ!" ती ओरडली. "म्हटलं नव्हतं मी? तूच वाजवायचीस!"

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी बोटं पदराला पुसली आणि तिला हात केला.